आपल्या बेळगाव भागाचा सुपरहिरो कसा असावा? वेताळ, बहादूर, नागराज, चंद्रा सगळ्यांवर बोलूया

टिळकवाडीकर

'लोका'चा पहिला भाग बघितल्यापासून एक विषय डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा काढतोय. 2025 ला आलेला मल्याळी सिनेमा. कल्याणी प्रियदर्शनची चंद्रा ही केरळच्या दंतकथेतली नीली यक्षी, आणि गोष्ट घडते बंगळुरात. आपल्याच राज्याच्या राजधानीत एक सुपरहिरोइन राहायला आली आणि तिला तिथं आणून बसवलं मल्याळी लोकांनी! मारामारी झकास आहेच, पण मला जास्त आवडलं ते समोरच्या फ्लॅटमधल्या पोरांचं तिच्या घराकडं बघत राहणं. गल्लीत नवीन बिऱ्हाड आलं की आपल्याकडं हेच चालतं.

माझं मत स्पष्ट सांगतो. ज्या सुपरहिरोला पत्ता असतो तोच मनात घर करतो. स्पायडरमॅन म्हटलं की न्यूयॉर्कचं क्वीन्स. बॅटमॅन म्हटलं की गॉथम, ते शहर कल्पनेतलं असलं तरी त्याचे बोळ आपल्याला पाठ आहेत. एंडगेमनंतरच्या मार्व्हलमध्ये मला हेच सापडत नाही. 2019 ला एंडगेम बघताना आख्खं थिएटर उभं राहून ओरडत होतं. त्यानंतर विश्वं वाढली, पृथ्व्या वाढल्या, पण कोण कुठं राहतंय, सकाळी दूध कुठून आणतंय, काही कळत नाही. दर सिनेमात जगबुडी आली की जगबुडीचंही काही वाटेनासं होतं.

तर दोन गोष्टी सांगा. तुमचा सगळ्यात आवडता कोण? आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या आपल्या पट्ट्यात सुपरहिरो असला तर तो किंवा ती कशी असावी? कॉमिक्स, सिनेमा, मालिका, सगळं चालेल.

कॅम्पातले काका

पत्त्याचं काढलंस ते बरं केलंस बाळा. आमच्या पिढीला पाठ असलेला पत्ता म्हणजे कवटीची गुहा. वेताळ, म्हणजे इंग्रजीतला फँटम! टाइम्सवाल्यांनी मार्च 1964 ला इंद्रजाल कॉमिक्स सुरू केलं ते वेताळालाच घेऊन, आणि 1990 पर्यंत चालवलं. मराठीतही यायचं, कन्नडमध्येही यायचं. अमेरिकेच्या ली फॉकनं जादूगार मँड्रेक 1934 ला काढला आणि वेताळ 1936 ला, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधी. अंगाला घट्ट बसणारा पोशाख आणि मुखवट्याआड बुबुळं न दिसणारे पांढरे डोळे ही पद्धत वेताळापासूनची. आज तुम्ही बॅटमॅनचे पांढरे डोळे बघून खूश होता ना, ते मूळ इथलं.

आम्हाला नवा अंक क्वचित मिळायचा. रद्दीच्या दुकानात गठ्ठे उपसायचे, त्यात मुखपृष्ठ शाबूत असलेला अंक निघाला की दिवस सोन्याचा. ही मुखपृष्ठं बहुतेक गोविंद ब्राह्मणिया यांची. बी. गोविंद अशी सही असायची. आतली चित्रं अमेरिकेतून आलेली, पण मुखपृष्ठावरचा वेताळ आपल्या माणसानं काढलेला, म्हणून त्याच्या अंगाचा पीळ वेगळाच. घोड्याची मान वळलेली, मागं जंगल, पुढं मशालीचा उजेड. मी ती चित्रं समोर ठेवून वहीत उतरवायचो.

खानापूरचा मास्तर

काका, वेताळ मीही भक्तिभावानं वाचलाय. पण वर्गात पोरांना दाखवतो तेव्हा एक गोष्ट सांगतोच. जंगल आफ्रिकेतलं, माणसं तिथली, आणि त्यांचं रक्षण करायला एकवीस पिढ्या गोरा माणूस. मँड्रेकचा लोथार तर स्वतः राजपुत्र, तरी सुरुवातीच्या कथांत नोकरासारखाच वागवलाय. वाचनाचा आनंद कमी करायचा नाहीये मला, पण पोरांनी हे बघायला शिकलं पाहिजे.

म्हणून माझा हिरो बहादूर. आबिद सुरतींनी 1976 ला इंद्रजालसाठीच लिहिलेला, आणि चित्रं त्याच ब्राह्मणियांची. अंगात भगवा कुर्ता, खाली जीन्स. बाप दरोडेखोर, पोलिसांच्या गोळीनं मेलेला, आणि ज्या पोलीस अधिकाऱ्याच्या हातून मेला त्यानंच पोराला वाढवलं. पुढं हाच पोरगा गावागावांत नागरिक सुरक्षा दल उभारतो. त्याच्याकडं उडायची ताकद नाही, अंगठीत जादू नाही. लोकांना एकत्र करणं हीच त्याची ताकद. असली गोष्ट अमेरिकन कॉमिक्समध्ये मला आजवर सापडलेली नाही.

नागराज निपाणीचा

सगळे इंग्रजीतनं आलेल्यांचंच बोलूलाल्यात म्हणून आलो! हिंदीतल्या राज कॉमिक्सला विसरून चालणार नाही. निपाणी स्टँडवर गाडी थांबली की खिडकीतनं कॉमिक्सवाल्याला हाक मारायची आणि पुण्याला पोचेस्तोवर वाचून संपवायचं. नागराज 1986, सुपर कमांडो ध्रुव 1987, डोगा नव्वदच्या दशकातला. ध्रुवला कसली अद्भुत शक्ती नाही. सर्कशीत वाढलेला पोरगा, डोकं चालवून जिंकतो. अनुपम सिन्हांनी लिहिला पण आणि काढला पण.

आणि मराठी माणसांनी अभिमानानं सांगावी अशी गोष्ट: सुरुवातीचा नागराज काढला पुण्याच्या प्रताप मुळीकांनी. तेच मुळीक ज्यांची अमर चित्र कथेतली चित्रं घराघरांत आहेत. देवादिकांचे, मावळ्यांचे दंड काढलेला हात हिरव्या खवल्यांच्या नागराजाला लागला, म्हणून तो उभा राहिला की देवळातल्या मूर्तीगत दिसतोय. मनगटातनं साप सुटतानाचं चित्र बघा एकदा नीट. प्रत्येक सापाचा वळसा निराळा आहे.

कॅम्पातले काका

निपाणीकर, मुळीकांचं नाव काढलंत, लई बरं वाटलं. अमर चित्र कथेचे अनंत पै आपल्या कर्नाटकातल्या कार्कळचे. 1929 चा जन्म. आधी टाइम्समध्ये इंद्रजालच्या कामात होते. वेताळ पोरं किती आवडीनं वाचतात ते त्यांनी जवळून बघितलं, आणि 1967 ला आपल्या गोष्टींची माला काढली. पुढं 1980 ला पोरांचं टिंकल. त्यातला सुपंदी काढणारे राम वाईरकर आणि शिकारी शंभू काढणारे वसंत हळबे, दोघंही मराठी. चित्रकाराचं नाव लक्षात ठेवायची सवय पोरांना लावा. सुपरमॅनचे हक्क सीगल आणि शुस्टर या दोन पोरांकडून 130 डॉलरला घेतले होते. बॅटमॅन घडवण्यात बिल फिंगरचा एवढा मोठा वाटा, पण त्याचं नाव श्रेयात यायला 2015 उजाडलं. तोवर तो जाऊन चाळीस वर्षं होऊन गेली होती.

मागावरची

मी वडगावची. घरात पॉवरलूम आहे, लहानपण कांड्या भरण्यात गेलं. कॉमिक्स फार वाचली नाहीत, पण 'मिन्नल मुरली' कितीदा बघितला त्याला हिशेब नाही. 2021 चा, टोविनो थॉमसचा. गावातला शिंपी. अंगावर वीज पडते आणि शक्ती येते. त्याच विजेनं गावातल्या दुसऱ्या एका माणसालाही तीच शक्ती येते, ज्याला आयुष्यभर सगळ्यांनी हिणवलंय. गुरु सोमसुंदरमनं तो शिबू असा केलाय की खलनायक म्हणवत नाही. त्याला फक्त एकाच बाईची आस आहे. तिच्यासाठी वाट बघण्यात त्याचा जन्म गेला. ती गेल्यावर तो ज्या आवाजात रडतो, तो ऐकून माझी आई मशीन बंद करून टीव्हीपुढं येऊन बसली होती.

हिरो शिंपी आहे याला सिनेमात अर्थ आहे. पोशाख कुठून आला हा प्रश्न इतर सिनेमांत कुणी विचारत नाही. इथं कापड आहे, मशीन आहे, मापं आहेत. म्हणून माझी मागणी अशी की आपल्या भागाची हिरो विणकराच्या घरातली पाहिजे. वडगाव, खासबाग, शहापूर. मागाचा धोटा, म्हणजे आडवं सूत घेऊन इकडनं तिकडं पळणारा तुकडा, कसा सुटतो ते ज्यानं बघितलंय त्याला सांगायला नको. पोरगी धोटा फेकते आणि मागं सुताची रेघ उमटत जाते. त्या सुतानं ती बांधते, चढते, पडणाऱ्याला झेलते.

टिळकवाडीकर

ताई, हे जबरदस्त आहे. धोटा हे हत्यार म्हणून मी कधी डोळ्यासमोर आणलंच नव्हतं. कुणीतरी काढा हे.

चित्ररथ मंडळ

एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अशा चर्चांत कुणीतरी हटकून म्हणतो, आपले सुपरहिरो म्हणजे शिवाजी महाराज. मला ते पटत नाही. महाराजांच्या अंगात विजेची ताकद नव्हती, तरी त्यांनी ते सगळं केलं. त्यांना सुपरहिरो म्हटलं की त्यांचे कष्ट, त्यांचं राजकारण, त्यांची हिशेबाची शिस्त सगळं पुसलं जातं. नंदगडला संगोळ्ळी रायण्णांची समाधी आहे, 26 जानेवारी 1831 ला इंग्रजांनी तिथं फाशी दिली. त्यांनाही तोच न्याय. ही माणसं खरी होऊन गेली. त्यांना कॉमिक्समधल्या शक्ती चिकटवू नयेत.

कडोलीचा वाचक

मंडळ, पटलं. पण तुम्ही स्वतः शिवजयंतीच्या मिरवणुकीत जे करता ते मला कुठल्याही सुपरहिरो सिनेमापेक्षा कमी वाटत नाही. आमच्या गावातनं ट्रॉल्या भरून माणसं बेळगावला चित्ररथ बघायला जातात. रात्रभर उभं राहून सजीव देखावे बघायचे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर उभारलेला तो बुरूज, त्यावर चिलखत घातलेली पोरं, पुठ्ठ्यावर चंदेरी रंग मारून केलेली ढाल, आणि संवाद सुरू झाला की गर्दी गप्प. दिवाळीला आपल्या भागात पोरं मातीचे किल्ले करतात त्यातही तेच. पोशाख, रंगमंच, प्रकाश, आवाज, एवढं कसब इथल्या गल्लीगल्लीत पडून आहे. महाराजांना सुपरहिरो करू नका, बरोबर. पण देखावे करणाऱ्या पोरांच्या हातात एक कल्पनेतली गोष्ट दिली तर सिनेमाला लागणारं निम्मं काम ती करून दाखवतील.

चित्ररथ मंडळ

ते करतील. चिलखताला पुठ्ठ्याऐवजी आता फोमशीट वापरतात, वजनाला हलकं पडतं आणि रंग धरतं. कुणाला पोशाख करायचा असला तर सांगतो सगळं.

शक्तिमान फॅन चिक्कोडी

माझ्यासाठी शक्तिमानच. सप्टेंबर 1997 ला दूरदर्शनवर सुरू झाला. मुकेश खन्ना. रविवारी दुपारी आमच्या गल्लीत क्रिकेट थांबायचं. टीव्ही असलेल्या घरात मराठी, कन्नड, उर्दू सगळ्या घरची पोरं एका सतरंजीवर. मालिका हिंदी, आणि शेजारच्या आज्जीला कन्नडमध्ये गोष्ट सांगायचं काम माझं. शेवटी 'छोटी छोटी मगर मोटी बातें' यायचं, त्यात पोरगा कचरा टाकतो, खोटं बोलतो, आणि मग कान पकडून 'सॉरी शक्तिमान'. आमच्या आईनं ते वाक्य घरात लागूच करून टाकलं होतं.

आज बघितलं तर दृश्यं कच्ची वाटतील, वाटू देत. त्यातल्या खलनायक किलविशचा 'अंधेरा कायम रहे' ऐकून लाईट गेली की खरंच पोटात गोळा यायचा. चिक्कोडीत तेव्हा लाईट जायचीच.

निळं छत

भाषेवर बोलूया का थोडं? कन्नड चित्रपटसृष्टीत साठच्या दशकापासून डबिंगला विरोध होता. 2015 ला स्पर्धा आयोगानं त्या बंदीच्या विरोधात निर्णय दिला, आणि त्यानंतर हळूहळू डब सिनेमे यायला लागले. तोवर इथल्या पोरांनी, घरी मराठी असो की कन्नड, स्पायडरमॅन हिंदीत नाहीतर इंग्रजीतच ऐकला. 2023 ला 'अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' भारतात दहा भाषांत आला, त्यात मराठी पण होती आणि कन्नड पण. त्यात स्पायडरमॅन पीटर नव्हे, माइल्स मोरालेस, आणि मधे मुंबटन! मुंबई आणि मॅनहॅटन एकावर एक चढवलेलं शहर, लाल बस, रिक्षा, आणि तिथला भारतीय स्पायडरमॅन पवित्र प्रभाकर केसांवरनं हात फिरवत इमारतीवरनं उड्या मारतोय.

पण मला 2004 च्या कॉमिक्समधला पवित्र जास्त जवळचा. जीवन कांगनं काढलेला. खेड्यातनं मुंबईला शिकायला आलेला पोरगा, भीमकाका आणि मायाकाकी, अंगावर धोतरासारखं नेसूचं. शाळेत त्याच्या कपड्यांवरनं पोरं त्रास देतात. सिनेमातला पवित्र सगळ्यात तरबेज आहे, त्याला काही अवघड जातच नाही. कॉमिक्समधला बुजलेला आहे. इथल्या खेड्यातनं कॉलेजसाठी पहिल्यांदा बेळगावला किंवा पुण्याला उतरलेल्या कुणालाही तो कळेल.

टिळकवाडीकर

स्पायडरमॅनचं निघालंच आहे तर माझं सगळ्यात आवडतं दृश्य सांगतो. सॅम रायमीचा दुसरा भाग, 2004. धावती रेल्वे थांबवताना पीटर बेशुद्ध पडतो, तोंडावर मुखवटा नाही. डब्यातली माणसं त्याला हातोहात डोक्यावरनं आत घेतात आणि खाली निजवतात. कुणीतरी म्हणतं, अरे हा तर पोरगा आहे, माझ्या मुलापेक्षा मोठा नसेल. मग दोन लहान पोरं त्याचा मुखवटा आणून देतात आणि सांगतात, आम्ही कुणाला सांगणार नाही. तिथं स्पायडरमॅनला शहरानं वाचवलं. पुढच्या कुठल्याही सिनेमात ते मला परत मिळालं नाही. आपल्या गोष्टीत हे पाहिजेच: शेवटी लोकांनी हिरोला उचलून घेतलं पाहिजे.

जांबोटीचा रानवाटा

बॅटमॅनवाले कुणी आहेत का? मग ऐका. आपल्या खानापूर तालुक्यात भीमगड अभयारण्य आहे, 2011 ला जाहीर झालेलं. तिथल्या बारापेडे गुहांत एक दुर्मिळ वटवाघूळ राहतं, रॉटनच्या नावानं ओळखलं जाणारं, मोकळ्या शेपटीचं. 1913 ला त्याची शास्त्रीय नोंद झाली, आणि कित्येक वर्षं जगात फक्त याच गुहांत ते आहे असं समजलं जायचं. पुढं मेघालयात आणि कंबोडियात सापडलं, पण मोजक्याच जागी. कान एवढे मोठे की तोंडाच्या पुढं येतात, दोन्ही कान कपाळावर जुळलेले. अंगाची लव मखमली, गडद तपकिरी, मानेपाशी फिकट पट्टा. आयतीच कॉलर! कुठल्या चित्रकारानं मुद्दाम काढलं असतं तरी इतकं जमलं नसतं.

गॉथमला वटवाघूळ खिडकीतनं आलं आणि ब्रूस वेननं पोशाख ठरवला. आपल्याकडं तर जगात गाजलेलं वटवाघूळ घरचं आहे. त्या गुहेत जायचं नाही, त्यांना त्रास द्यायचा नाही, एवढा नियम मात्र आपल्या गोष्टीत पहिल्या पानावर पाहिजे. माझा हिरो वनखात्यात रोजंदारीवर काम करणारा राखणदार. अंधारात कानानं बघणारा. पावसाळ्यात जांबोटीच्या रानात धुकं उतरलं की दहा पावलांवरचं दिसत नाही, तिथं डोळ्यांचा उपयोग नाहीच. गावात अस्वल शिरलं, हत्ती शेतात उतरला, तर मारायचं नाही, रानात परत न्यायचं.

मागावरची

तुमचा राखणदार आणि माझी विणकर पोरगी एकाच गोष्टीत आणूया. तो रानातला, ती शहरातली.

खानापूरचा मास्तर

मग संकटही इथलंच घ्या. जगबुडी नको. आपल्या बेळगावचा बळ्ळारी नाला! दर पावसाळ्यात फुगतो आणि शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात पाणी शिरून भात कुजतंय. लावणी केलेली रोपं आठवडाभर पाण्याखाली राहिली की संपलं, दुबार लावणी. शेतकऱ्याला याच्याएवढा मोठा खलनायक दुसरा नाही. आणि बहादूरसारखं, शेवटी गावानं मिळून नाला मोकळा करायचा. सुपरहिरोनं एकट्यानं हात फिरवला आणि पाणी ओसरलं, असलं नको.

नागराज निपाणीचा

मास्तर, गोष्ट झकास, पण खलनायकाला तोंड पाहिजे. नाल्याशी मारामारी कशी काढणार? शिबूसारखा माणूस पाहिजे, ज्याचं पण काहीतरी खरं आहे.

मागावरची

नाल्याकाठची जमीन गेलेला शेतकरी असू दे. त्याच नाल्यातनं त्याला शक्ती आलेली. त्याला सगळं शहर बुडवायचंय, कारण त्याचं शेत बुडताना कुणी आलं नाही.

टिळकवाडीकर

अंगावर काटा आला. हाच. मराठीत 2015 ला निखिल महाजननं 'बाजी' केला होता, श्रेयस तळपदे मुखवटा घालून घोड्यावर. धाडस मोठं होतं, मी मनापासून कौतुक करतो. पण त्यातलं गाव मला आजही डोळ्यासमोर उभं राहत नाही. आपल्या गोष्टीत गाव आधी आलं पाहिजे.

हळ्ळी हुडुग

नमस्कार. मी हुक्केरीकडचा, घरी कन्नड, शाळेतले सगळे दोस्त मराठी. मला मराठी वाचता येतं ते चांदोबामुळं. आमच्या घरी कन्नड चंदमामा यायचा, शेजारी मराठी चांदोबा. चित्रं दोन्हीकडं तीच. विक्रमाच्या खांद्यावर लोंबणारं प्रेत, मागं वाळलेलं झाड, सगळं एका रेषेचा फरक न करता. दोन अंक मांडीवर शेजारी उघडून बसायचो, चित्रावरनं ओळ जुळवत जायचो. म्हणून एक विनंती आहे. तुमची ही गोष्ट काढलीत तर दोन्ही भाषांत काढा, चित्रं एकच ठेवा. कन्नडचं काम मी करतो.

टिळकवाडीकर

अण्णा, याहून चांगली गोष्ट काय असणार! ठरलं. चित्रं कोण काढणार?

कॅम्पातले काका

पेन्सिलची रेघ मी काढून देतो, अजून हात थरथरत नाही. शाई आणि रंग तरुणांनी बघा. ताईंनी मागाचे फोटो पाठवावेत, धोटा, कांडी, बीम सगळ्या बाजूंनी. जांबोटीकर, वटवाघळाच्या कानांचं नीट वर्णन अजून एकदा लिहा. कान पुढं किती येतात, तोंड बंद असताना बाजूनं कसे दिसतात?

जांबोटीचा रानवाटा

बाजूनं बघितलं तर काका, कानाची वरची कड कपाळावरनं नाकापर्यंत सरळ येते, टोपीला पुढं झापड असावी तशी. डोळे त्याखाली जवळजवळ झाकलेले. रात्री चित्र करून टाकतो इथं.

हळ्ळी हुडुग

खलनायकाचं बोलणं मात्र मला आधी द्या. त्याचं शेत बुडालं त्या रात्रीचं पान. तो कुठल्या गावचा, त्याचा नाल्याकाठचा बांध कुठला, ते ठरवा, म्हणजे त्याच्या तोंडची भाषा त्या गावची घालता येईल.